एका पिरियडला दोन शिक्षिका: बडोद्यातल्या सातवीच्या विज्ञानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा बडोद्याच्या जुन्या शहरातली. ट्रस्टची, गुजरात बोर्डाची, इंग्रजी माध्यमाची. मुलं दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतून चालत किंवा रिक्षानं येतात. घरं बहुतेक गुजराती आणि मराठी, काही हिंदी बोलणारी. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. घटना ज्या क्रमानं घडल्या तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी या शाळेत वरच्या वर्गांचं शैक्षणिक पर्यवेक्षण पाहते.

दर वर्षी पाचवी-सहावीनंतर काही मुलं मराठी किंवा गुजराती माध्यम सोडून आमच्याकडे येतात. बडोद्यात मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या घरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं नाव निघतंच, आणि तिथलं शिकवणं इंग्रजीतून चालतं. बारावीनंतर एकदम इंग्रजी अंगावर येण्यापेक्षा आत्तापासून सवय झालेली बरी, असा हिशेब पालक मांडतात. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. त्या गावातल्या मराठी घरांना शाळेबद्दल पिढ्यान् पिढ्यांची आस्था आहे. माध्यम बदलायचा निर्णय इथं कोणी घाईनं घेत नाही. आजी-आजोबा, काका, ट्यूशनचे सर, सगळ्यांशी बोलून मग मुलाचा दाखला काढलेला असतो.

मी सांगते आहे त्या वर्षी सातवीच्या एका वर्गात 42 मुलं होती. त्यांपैकी 9 जणं नुकतीच माध्यम बदलून आलेली, 5 मराठीतून आणि 4 गुजरातीतून. आधीच्या शाळांत ही मुलं हुशार म्हणून ओळखली जायची. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, टीव्हीवर तिसरी, असा त्यांचा दिवस विनासायास जायचा. इंग्रजी मात्र फक्त शाळेत, आणि तेही फळ्यावर आणि पुस्तकात.

विज्ञानाच्या शिक्षिका गुजराती, वयानं आणि अनुभवानं मोठ्या. शाळेत सगळे त्यांना बेन म्हणतात. इंग्रजीच्या शिक्षिका मराठी, नोकरीला फार वर्षं झालेली नाहीत. त्यांना इथं मी बाई म्हणते. दोघींचा एकमेकींशी परिचय स्टाफरूममधल्या चहापुरता होता.

अडचण कुठे दिसली

पहिल्या युनिट टेस्टमध्ये या नऊ जणांना विज्ञानात फार कमी गुण मिळाले. गणितात तीच मुलं ठीक होती, कारण तिथं आकडे होते. शाळेची त्यावरची नेहमीची तरतूद अशी की अशा मुलांना आठवड्यातून दोनदा पीटी किंवा लायब्ररीच्या पिरियडला वेगळं बसवायचं आणि बाईंनी त्यांच्याकडून व्याकरणाची वर्कबुक सोडवून घ्यायची. काळ, शब्दयोगी अव्ययं, रिकाम्या जागा. मुलं वर्कबुक नीट भरायची. विज्ञानाच्या पेपरवर त्याचा काडीचा परिणाम होत नव्हता.

बेनचं निदान होतं की मुलं कच्ची आहेत. बाईंचं निदान होतं की शब्दसंग्रह कमी आहे. दोन्ही निदानं एका उत्तरपत्रिकेनं मोडीत काढली.

धडा आम्ल-आम्लारींचा होता. प्रश्न दोन गुणांचा: एखादा पदार्थ आम्ल आहे का हे ओळखायला हळद उपयोगी का पडत नाही, कारण द्या. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'येलो येलो'. गुण शून्य. पेपर वाटून झाल्यावर ती मुलगी शेजारणीला मराठीत काहीतरी समजावत होती. बाई वर्गाच्या दारातून आत येत होत्या, त्यांच्या कानावर पडलं ते असं: "अगं, लिंबू टाकलं तरी हळद पिवळीच, साखरेचं पाणी टाकलं तरी पिवळीच. मग आंबट कोण ते कळणार कसं? साबणालाच फक्त ती लाल होते."

उत्तर पूर्ण बरोबर होतं. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा स्पष्ट होतं. बाईंनी बेनना थांबवलं आणि मुलीला तेच पुन्हा सांगायला लावलं. बेनना मराठी बोलता येत नाही, पण बडोद्यात राहून कळतं सगळं. त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, "आने तो बधी खबर छे!" (हिला तर सगळं माहीत आहे!) मग जरा वेळानं: "पण मी गुण देऊ कशाला? कागदावर तर काही नाही."

हा प्रश्न त्या दिवशी अनुत्तरित राहिला. पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. 'येलो येलो' हे चुकीचं उत्तर नव्हतं. लिंबाला पिवळी, साखरेला पिवळी, असे दोन्ही निकाल तिनं नोंदवले होते. दोन निकाल जोडून कारण मांडायला लागणारी इंग्रजी वाक्यं तिच्याजवळ नव्हती, आणि ती शिकवायची जबाबदारी शाळेत कोणाचीच नव्हती. बेन विज्ञान शिकवत होत्या, बाई व्याकरण शिकवत होत्या, आणि विज्ञानाचं इंग्रजी दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून होतं.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. चार गोष्टी मांडल्या गेल्या.

व्याकरणाचे जादा पिरियड वाढवावेत, ही पहिली. सोपी, कारण यंत्रणा तयार होती. पण मुलांचा खेळ जात होता, आणि वेगळं बसवल्यानं त्यांच्यावर शिक्का बसत होता. सगळ्यात वाईट म्हणजे तिथं शिकलेलं इंग्रजी विज्ञानाच्या वर्गात पोहोचत नव्हतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच शाळांत सर्रास चालते: सगळं गुजरातीत किंवा हिंदीत समजवायचं आणि इंग्रजी उत्तर फळ्यावर लिहून देऊन पाठ करून घ्यायचं. बेन थोडंफार हेच करत होत्या, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला कधीच शंका नव्हती. मुलांना समजावं ही त्यांची तळमळ होती. पण पाठ केलेलं उत्तर प्रश्न बदलला की निकामी होतं. शिवाय मूल स्वतः इंग्रजी वाक्य जुळवण्याचा प्रसंग वर्षभरात एकदाही येत नाही.

तिसरी सूचना होती पालकांना बोलावून मुलांना परत जुन्या माध्यमात पाठवायचा सल्ला देण्याची. हिच्यावर बोलणं कमी झालं, पण मी ती पूर्णपणे बाजूला टाकणार नाही. मातृभाषेतून शिकणं हा कमीपणा नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच सांगतं. अडचण एवढीच होती की दाखला झाला होता आणि वर्ष सुरू होतं.

चौथी सूचना बाईंची: मुलांना वर्गाबाहेर काढण्याऐवजी मीच विज्ञानाच्या पिरियडला आत येते.

याला शिक्षणशास्त्रात सह-अध्यापन म्हणतात. त्यामागचा विचार अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या खटल्यात स्पष्ट केलं की इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तकं, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणून समान वागणूक होत नाही. भाषेची मदत करणं शाळेवर आलं, आणि ती वर्गाबाहेर करायची की वर्गात, यावर तिथं पुढं बराच विचार झाला. मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांच्या मांडणीत दोन शिक्षकांनी एक वर्ग घेण्याच्या सहा पद्धती सांगितल्या जातात: एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं निरीक्षण करायचं, एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं फिरून मदत करायची, वर्गाचे दोन भाग करून दोघांनी तेच शिकवायचं, ठिकठिकाणी कृती मांडून गट फिरवायचे, एका छोट्या गटाला वेगळं घ्यायचं, आणि दोघांनी मिळून एकत्र शिकवायचं. ही मांडणी मुळात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची, नंतर ती भाषा शिकणाऱ्या मुलांकडेही आली.

बाईंनी आणखी एक मुद्दा पुढं केला. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. मूल मित्रांशी दोनेक वर्षांत बोलू लागतं. वर्गातलं कारण, तुलना, निष्कर्ष मांडण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. सातवीत आलेल्या मुलाजवळ दहावीपर्यंत तीन-साडेतीन वर्षंच असतात. तेव्हा भाषा आधी आणि विषय मग, असा क्रम लावायला वेळच नाही. दोन्ही एकाच पिरियडला व्हायला हवीत.

मला यात एक सावधगिरी घालावीशी वाटली, आणि आजही ती महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर दुकानात, बसमध्ये, मैदानावर इंग्रजी पडत असतं. मांडवीच्या बाजारात किंवा कमाटी बागेत आमच्या मुलांच्या कानावर ते पडत नाही. मुलाला इंग्रजी बोलायची आणि लिहायची संधी वर्गातच मिळाली तर मिळणार. उलट तिकडच्या शिक्षकांकडे नसलेली एक गोष्ट आमच्याकडे होती. वर्गातल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा दोघींपैकी एकीला तरी नक्की कळत होती. तिकडची पद्धत उचलताना हे बळ वाया जाता कामा नये, एवढं मी धरून ठेवलं.

पहिला निर्णय: वेळापत्रक

मुख्याध्यापकांनी चौथा पर्याय मान्य केला, पण जादा शिक्षक देता येणार नव्हता. बाईंचे व्याकरणाचे दोन जादा पिरियड मोकळे करून ते विज्ञानाच्या जोड पिरियडला जोडले. इथपर्यंत सोपं होतं. दोघींनी एकत्र बसून पाठ आखायचा वेळ कुठून आणायचा, यावर मात्र काही आठवडे गेले. सुरुवातीला ठरलं की मधल्या सुट्टीत बसतील. ते झालं नाही. मधल्या सुट्टीत ड्यूटी असते, डबा खायचा असतो. मग एक सामाईक मोकळा पिरियड शोधला, तर त्यावर प्रॉक्सी लागायची. कोणी रजेवर गेलं की पर्यायी शिक्षकांच्या वहीत मोकळ्या दिसणाऱ्यांची नावं आधी पडतात.

शेवटी मुख्याध्यापकांनी तो पिरियड वेळापत्रकात 'नियोजन' असा छापून घेतला आणि वहीत शेरा मारला की या पिरियडला प्रॉक्सी लावायची नाही. पूर्ण प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही होती. दोन शिक्षिका एका वर्गात उभ्या करणं कुठल्याही शाळेला जमतं. त्यांना आधी चाळीस मिनिटं एकत्र बसवणं जमलं नाही तर दुसरी शिक्षिका वर्गात नुसती उभी राहते.

दुसरा निर्णय: कोणी काय करायचं

पहिले तीन आठवडे नेमकं हेच झालं, कारण तेव्हा नियोजनाचा पिरियड पक्का नव्हता. बेन शिकवायच्या आणि बाई त्या नऊ जणांच्या बाकांजवळ वाकून हळू आवाजात समजवायच्या. बेनच्या आवाजावर आणखी एक आवाज. बाकीची मुलं वळून पाहायची. नऊ जणांपैकी एक मुलगा तर बाई जवळ आल्या की वही झाकायचा. आठवीतल्या कोणीतरी बाईंना 'त्या नवीन मुलांच्या टीचर' म्हटलं, आणि ते नाव पसरायला वेळ लागला नाही.

दरम्यान एक कटू प्रसंगही झाला. बेननी फळ्यावर लिहिलेल्या वाक्यातली चूक बाईंनी सगळ्या वर्गासमोर दुरुस्त केली. बेन काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या पिरियडला खडू बाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "इंग्रजीचं तू सांभाळ." त्यांच्या जागी कोणालाही लागलं असतं. वीस वर्षं एकट्यानं वर्ग चालवलेल्या माणसाला दुसऱ्याची नजर सहन करायला लावणं ही मोठी मागणी आहे, आणि ती आपण करतो आहोत याची जाणीव व्यवस्थापनाला असायला हवी.

दोघींनी मग आपसात एक नियम केला. मुलांसमोर एकमेकींची दुरुस्ती नाही. खटकलेलं पाठाच्या कागदावर पेन्सिलनं लिहायचं आणि नियोजनात बोलायचं. नियम लवकरच उलट्या दिशेनंही कामी आला. बाईंनी एका गटाला हळद आम्लानं लाल होते असं सांगून टाकलं होतं. बेननी ते तिथं दुरुस्त केलं नाही. कागदावर लिहिलं. पुढच्या पिरियडला बाईंनी स्वतः वर्गाला योग्य ते सांगितलं. त्यानंतर दोघींमधला ताण बराच उतरला.

मग काम वाटून घेतलं गेलं. धड्यात काय शिकवायचं, प्रयोग कोणता, तथ्यं कोणती, हे बेन ठरवणार. तो विचार इंग्रजीत मांडायला मुलांना कोणती वाक्यं लागतील, ते बाई ठरवणार. प्रत्येक पाठाच्या कागदावर दोन रकाने आले, एक विज्ञानाच्या उद्दिष्टाचा आणि एक भाषेच्या. दोन्ही भरल्याशिवाय पाठ सुरू करायचा नाही.

एक पाठ जवळून

आम्ल-आम्लारींचाच धडा पुन्हा घेतला, कारण पहिल्या वेळी तो बहुतेकांच्या डोक्यावरून गेला होता. जोड पिरियड. वर्गात चार ठिकाणं मांडली. एका बाकावर हळदीचे कागद: टीपकागदावर हळदीचा लेप लावून वाळवलेल्या पट्ट्या. दुसऱ्यावर जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात ठेवून काढलेलं पाणी. तिसऱ्यावर लाल आणि निळा लिटमस. प्रत्येक ठिकाणी वाट्यांमध्ये लिंबाचा रस, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी आणि साखरेचं पाणी. चौथ्या ठिकाणी काहीच नव्हतं. तिथं बाई बसल्या होत्या, आणि गटानं तिथं जाऊन काय पाहिलं ते सांगायचं होतं. गट मिश्र केले, नऊ जणं सगळ्या गटांत विखुरली.

भिंतीवर कार्डशीटवर वाक्यांचे सांगाडे लावले होते. 'वी ॲडेड अमुक टू अमुक.' 'इट टर्न्ड अमुक.' 'इट डिड नॉट चेंज.' आणि शेवटचं, ज्यासाठी सगळा खटाटोप होता: 'इट स्टेज येलो इन बोथ, सो वी कॅनॉट से व्हिच वन इज द ॲसिड.'

नियोजनात बाईंनी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका बेनबरोबर ओळीनं वाचल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं की 'ॲसिड', 'इंडिकेटर', 'न्यूट्रल' असले अवघड वाटणारे शब्द मुलांना येतात, कारण बेन ते कसोशीनं शिकवतात. मुलं अडतात ती वाक्यं जोडणाऱ्या छोट्या शब्दांवर: सो, बिकॉज, बोथ, बट, अनलेस. नकारावरही अडतात, 'बदलला नाही' हे लिहिता येत नाही म्हणून न बदललेला रंग नोंदवायचाच राहून जातो, आणि विज्ञानात न घडलेली गोष्टही निरीक्षणच असते. प्रश्नातलं क्रियापदही चकवतं. कारण द्या, फरक सांगा, वर्णन करा, या तिन्हींना मुलं व्याख्याच लिहीत होती. बेन हे ऐकून म्हणाल्या की हे शब्द शिकवायचे असतात हे मला कधी कोणी सांगितलंच नाही. बी.एड.ला विज्ञानाची पद्धत वेगळी आणि इंग्रजीची पद्धत वेगळी शिकवतात, मग सांगणार कोण?

पाठाच्या मध्यावर बाईंनी ठरवून एक गोष्ट केली. सगळ्या वर्गासमोर हात वर करून बेनना विचारलं, "बेन, मला कळलं नाही. साखरेच्या पाण्यानं एकही लिटमस का बदलला नाही?" इंग्रजीत, साध्या वाक्यात. बेननी तितक्याच साध्या वाक्यात उत्तर दिलं आणि उलट विचारलं, "मग हळदीबद्दल काय म्हणाल?" मोठ्या माणसाला न कळणं, त्यानं ते सांगणं, त्याला उत्तर मिळणं, हे मुलांनी डोळ्यांसमोर पाहिलं. त्या पिरियडच्या शेवटी दोन हात वर आले, त्यांतला एक वही झाकणाऱ्या मुलाचा होता. दोन शिक्षिका वर्गात असल्याचा असा फायदा एकट्या शिक्षिकेला मिळूच शकत नाही.

तिसरा निर्णय: घरची भाषा आणि गुण

शाळेचा नियम होता, वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं. आम्ही तो या पिरियडपुरता बदलला. गटात विचार कोणत्याही भाषेत करा. चौथ्या बाकावर आल्यावर आधी हव्या त्या भाषेत सांगा, मग भिंतीवरच्या सांगाड्यात बसवून इंग्रजीत सांगा, मग वहीत लिहा. ट्रस्टच्या एका सदस्यांना हे पटलं नाही. पालक इंग्रजीसाठी पैसे देतात आणि तुम्ही वर्गात मराठी चालवता, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना बोलावून चौथ्या बाकाजवळ बसवलं. एकच मुलगी मराठीत बोलली, मग अडखळत इंग्रजीत बोलली, मग तिनं लिहिलं. त्यांनी नंतर हरकत घेतली नाही. राष्ट्रीय धोरणातही विज्ञान आणि गणितासाठी द्विभाषिक साहित्य असावं असं म्हटलेलं आहे, त्याचा आधार मुख्याध्यापकांना ट्रस्टशी बोलताना मिळाला.

गुणांचा प्रश्न जास्त कठीण होता. बेनचा 'गुण देऊ कशाला' हा सवाल तसाच उभा होता. ठरलं असं की वर्गातल्या छोट्या चाचण्यांत दोन गुणांचं उत्तर दोघींनी तपासायचं. विचार बरोबर असेल तर त्याचा एक गुण, मग तो मोडक्या इंग्रजीत असो वा आकृतीत. तो पूर्ण वाक्यात मांडला तर दुसरा. सहामाही आणि वार्षिक परीक्षेत मात्र नेहमीची पद्धत ठेवली, कारण पुढं बोर्डात अशी सोय मिळणार नाही. काही शिक्षकांना हा फरक अन्याय्य वाटला. माझ्या मते तो आवश्यक होता. छोटी चाचणी ही मुलाला काय येतं ते शिक्षकाला कळावं यासाठी असते.

काय निष्पन्न झालं

वार्षिक परीक्षेपर्यंत नऊपैकी सहा मुलं कारणं देणारी उत्तरं स्वतःच्या वाक्यांत लिहू लागली. वाक्यं चुकत होती, पण परीक्षक वाचून समजू शकेल अशी होती. दोघांची प्रगती थोडी झाली. एक मुलगा वर्षाअखेरीस गुजराती माध्यमात परतला. त्याच्या पालकांशी बेन आणि बाई दोघी बोलल्या, आणि त्या मुलाचं हित बघता तो निर्णय योग्यच होता.

कोणाच्याच अपेक्षेत नसलेली गोष्ट दुसऱ्या बाजूनं आली. केजीपासून इंग्रजी माध्यमात असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनाही 'सो वी कॅनॉट से' हे वाक्य जमत नव्हतं. ती फाडफाड बोलायची, म्हणून आमच्यापैकी कोणी त्यांच्या उत्तरांकडे त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. भिंतीवरचे सांगाडे सगळ्या वर्गाच्या उपयोगी पडले. बेन आता दुसऱ्या वर्गांत, जिथं बाई नसतात, तिथंही प्रत्येक धड्याआधी भाषेचा रकाना भरतात.

किंमतही मोजावी लागली. बाईंची व्याकरणाची वर्कबुक अर्धी राहिली आणि त्यावरून दोन पालकांनी तक्रार केली. आठवीच्या इंग्रजीकडे बाईंना पुरेसा वेळ देता आला नाही. विज्ञानाचे शेवटचे दोन धडे घाईत उरकले, कारण फिरत्या गटांच्या पाठाला वेळ जास्त लागतो. दर पिरियड असा घेणं शक्य नाही, हे दोघींनाही डिसेंबरपर्यंत कळून चुकलं होतं. शेवटच्या सत्रात त्या दर धड्याला एकच पाठ एकत्र घेत होत्या आणि बाकीचे बेन एकट्या.

पुन्हा करायचं झालं तर

दुसऱ्या शाळेनं हे हाती घेतलं तर मी सांगेन की वर्गात जाण्याआधी दोन्ही शिक्षकांनी मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका एकत्र बसून वाचाव्यात. आमच्याकडे ते काम सुरू झाल्यावर झालं, आणि भाषेचा रकाना काय भरायचा ते तेव्हा उमगलं. फिरून मदत करण्याच्या पद्धतीनं सुरुवात करू नये. ती सोपी दिसते, पण तीच मुलांवर शिक्का मारते. गट पहिल्या दिवसापासून मिश्र असावेत.

दाखला घेताना मुलाची विषयाची समज त्याच्या आधीच्या माध्यमात तपासावी. अर्धा तास तोंडी बोललं तरी पुरतं. आमच्या नऊ मुलांना काय येतं हे आम्हाला जूनमध्येच कळलं असतं तर 'कच्ची' हा शब्द स्टाफरूममध्ये फिरला नसता. पालकांनाही तेव्हाच सांगावं की वर्कबुक पूर्ण होणार नाही आणि का होणार नाही.

एका गोष्टीवर आमच्यात अजून मतभेद आहेत. बाईंना वाटतं की दोन गुणांची विभागणी सहामाहीतही हवी. बेन म्हणतात, मुलांना खोटी खात्री देऊ नये, दहावीला परीक्षक अनोळखी असतो. मी सध्या बेनच्या बाजूनं आहे, पण सातवीपुरता बाईंचा मुद्दा मला खोडून काढता येत नाही.

या वर्षीचं वेळापत्रक लावताना मुख्याध्यापकांनी नियोजनाचा पिरियड सगळ्यांत आधी टाकला. समाजविद्येच्या सरांनी इतिहासाच्या एका धड्यासाठी बाईंना विचारलं आहे. त्यांच्या विषयात मुलं अडतात ती घटनांचा क्रम आणि एका घटनेतून दुसरी कशी घडली हे मांडताना, त्यामुळे वाक्यांचे सांगाडे नव्यानं करावे लागतील. दोघं सध्या मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका वाचत आहेत.